बेडकीची साक्ष

बरणीत चार बोटं पाणी. तळाच्या जरा वर बसवलेली भोकांची जाळी आणि जाळीवर एक बेडकी. अंग चपटं, डोळे थेट माथ्यावर, मागच्या पायांच्या तीन-तीन बोटांना काळी नखं, तोंडात जीभ नाही. संध्याकाळी तिच्या पाठीच्या सैल कातडीखाली सुई जाते, बरणीवर झाकण येतं, दिवा मालवला जातो. बरणीवर चिकटवलेल्या कागदावर एक आकडा असतो. तोच आकडा टपालाने आलेल्या एका बाटलीवर. सकाळी प्रयोगशाळेतला माणूस येतो तो बेडकीकडे बघत नाही, जाळीखाली बघतो. मोहरीच्या बारीक दाण्यांसारखी, अर्धी काळी अर्धी फिकट अंडी तळाशी पडलेली दिसली की वहीत त्या आकड्यापुढे खूण होते. कुठल्यातरी दूरच्या गावात एका बाईला दिवस गेलेले असतात.

१९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या आसपासपर्यंत ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, अमेरिकेत हजारो बायकांची ही बातमी अशी एका बेडकीच्या पोटातून आली. आधी बेडकीला, मग प्रयोगशाळेला, मग डॉक्टरला आणि सगळ्यात शेवटी जिची ती होती तिला. एडिंबरामध्ये फ्रान्सिस क्रू यांच्या संस्थेत १९२९ मध्ये गर्भनिदानाचं केंद्र सुरू झालं, तिथे बाटली डॉक्टरमार्फत यायची आणि उत्तरही डॉक्टरकडेच जायचं.

बातमी बाईच्या आधी दुसऱ्यांना कळणं ही काही केवळ विलायती रीत नव्हे. ज्या घरांत पाळीचे चार दिवस बाहेर बसणं होतं, तिथे सुनेला या महिन्यात कावळा शिवला नाही हे सासूला, जावेला आणि पाणवठ्यावरच्या बायकांना कुणी न सांगता कळायचं. पहिल्या महिन्यात कुणी बोलत नसे. दुसऱ्या महिन्यात कुजबुज, मग कोरड्या ओकाऱ्या, चिंचेकडे आणि भाजक्या मातीकडे वळणारी नजर. सुईण पोटावर हात ठेवून खात्रीने सांगायची तोवर तिसरा सरलेला असे. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘दोहद’वरून आला, आणि आयुर्वेदातले जुने आचार्य त्याचा संबंध दोन हृदयांशी जोडत: एक आईचं, एक पोटातल्याचं. गर्भ स्वतः काहीतरी मागतो आहे, निरोप धाडतो आहे, ही कल्पना त्या शब्दात आहे. निरोप खरोखरच धाडला जातो. मात्र डोहाळ्यांच्या महिन्यात नव्हे, गर्भधारणेनंतर जेमतेम आठवड्याभरात, आणि तो चिंचेसाठी नसतो.

तो निरोप मूत्रात सापडेल हे माणसाला फार आधी वाटू लागलं होतं. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात, जो आज बर्लिनमध्ये आहे, बाईने सातू आणि गव्हाच्या दाण्यांवर रोज लघवी करावी असं सांगितलं आहे. दाणे रुजले तर गर्भ आहे, रुजले नाहीत तर नाही. सातू आधी उगवला तर मुलगा, गहू आधी उगवला तर मुलगी. हे वाचून हसायला येतं खरं, पण १९६३ मध्ये इजिप्तच्याच पॉल घलिउंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहिला. गर्भवतींच्या मूत्राने साधारण ७० टक्के वेळा दाणे रुजले. पुरुषांच्या आणि गर्भ नसलेल्या बायकांच्या मूत्राने ते रुजले नाहीत. मुलगा-मुलगीचा भाग मात्र निव्वळ थाप निघाला. अनेक शतकांनी युरोपात मूत्राची बाटली उजेडासमोर धरून रंग, गढूळपणा, तवंग बघत भविष्य सांगणाऱ्या वैद्यांची जातच तयार झाली. १६३७ मध्ये थॉमस ब्रायन नावाच्या इंग्रज माणसाने त्यांची खिल्ली उडवणारं पुस्तकच लिहिलं. डच चित्रकार यान स्टेन याच्या चित्रांत निस्तेज तरुणी, हातात कुपी घेतलेला मख्ख वैद्य आणि मागे गालात हसणारी मोलकरीण असा देखावा पुन्हा पुन्हा येतो. काय झालंय ते मोलकरणीला ठाऊक आहे, वैद्याला नाही.

खरी सुरुवात बर्लिनची. १९२७-२८ मध्ये तिथल्या शारिते रुग्णालयात सेल्मार अश्हाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक हे दोन स्त्रीरोगतज्ज्ञ एका साध्या निरीक्षणाशी थबकले. गर्भवतीची लघवी वयात न आलेल्या उंदरीला टोचली की ती अकाली वयात येते. तिचा बीजांडकोश फुगतो, त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. त्यावरून बेतलेली चाचणी अशी: तीन आठवड्यांच्या पाच उंदरी घ्यायच्या, सकाळची पहिली लघवी थोडी थोडी करून सहा वेळा टोचायची आणि जवळपास शंभर तासांनी पाचही मारून पोट उघडून पाहायचं. एकीच्या बीजांडकोशावर जरी लाल ठिपका दिसला तरी उत्तर होकारार्थी. पाच घ्यायच्या, कारण काही जणी लघवीतल्या इतर द्रव्यांनीच मरत. चाचणी आश्चर्य वाटावं इतकी अचूक होती. शंभरातल्या जेमतेम दोन-तीन चुकत.

दोघेही ज्यू. हिटलर आला आणि दोघांचीही पदं गेली. त्सोंडेक स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला पोहोचले, अश्हाइम पॅरिसला. त्यांची चाचणी त्यांच्याआधीच जगभर गेली होती.

दोघांनी त्या द्रव्याला ‘प्रोलान’ असं नाव दिलं होतं आणि ते मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून येतं असं मानलं होतं. तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता, कारण पियुषिकेतला एक हार्मोन अगदी असंच काम करतो. चूक पकडली गेली ती बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये, आणि तीही एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या हातून. जॉर्जियाना सीगर तिचं नाव. पेशी काचेत वाढवण्यात तरबेज असलेल्या जॉर्ज गाय यांच्याबरोबर (‘हेला’ पेशी पुढे याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या) तिने वारेच्या पेशी वाढवल्या. शरीराबाहेर, काचेत, पियुषिकेचा वाराही नसताना त्या पेशी प्रोलान तयार करत होत्या. १९३८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गर्भाभोवतीच्या आवरणाला कोरिऑन म्हणतात. त्यावरून पुढे या द्रव्याला नाव मिळालं ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन, म्हणजे एचसीजी. निरोप आईच्या मेंदूचा नव्हता, पोटातल्याचा होता. याच जॉर्जियाना सीगर जोन्स यांनी पतीबरोबर अमेरिकेतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९८१ मध्ये नॉरफोकला जन्माला आणलं, तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती.

उंदरांनंतर ससे आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅपहम यांनी १९३१ च्या सुमाराला पाच उंदरींऐवजी एक सशीण आणि शंभर तासांऐवजी ४८ तास असा सौदा आणला. कानाच्या शिरेत लघवी टोचायची, दोन दिवसांनी पोट उघडायचं. अमेरिकेत ‘ससा मेला’ म्हणजे बाईला दिवस गेले असा वाक्प्रचारच पडला. तो भाबडा होता. पोट उघडल्याशिवाय बीजांडकोश दिसत नव्हता, तेव्हा दिवस गेलेले असोत वा नसोत, ससा मरायचाच.

बेडकीला मात्र मरावं लागत नव्हतं. तिची गोष्ट केप टाऊनची. लॅन्सलॉट हॉगबेन हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १९२७ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला. त्याला रस होता तो बेडकाच्या कातडीचा रंग उजेडाप्रमाणे कसा बदलतो यात. त्यासाठी तो ‘प्लॅटॅना’ म्हणून ओळखला जाणारा तिथला नखवाला बेडूक, शास्त्रीय नाव झेनोपस लीव्हिस, वापरत असे. एकदा बैलाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचला तर बेडकीने अंडी घातली. हॉगबेनने १९३० मध्ये ते नोंदवलं आणि त्याच वर्षी तिथल्या वर्णभेदाला विटून इंग्लंडला परतला. केप टाऊनमध्ये मागे राहिलेल्या हिलेल शापिरो आणि हॅरी झ्वारेनस्टाइन यांनी बैलाच्या अर्काऐवजी गर्भवतीची लघवी टोचून पाहिली. १९३३ मध्ये त्यांनी चाचणी जाहीर केली. पुढे श्रेय कुणाचं यावरून तेरा वर्षांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पत्रापत्री झाली. दोन्ही बाजूंचे दावे होते; बेडकीची मात्र कुणाकडे तक्रार नव्हती.

ही बेडकी वर्षभर अंडी घालायला तयार असते, नळाच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहते, कलेजीचे तुकडे खाते आणि एकदा वापरली की काही आठवडे विश्रांती देऊन पुन्हा वापरता येते. उत्तर पाच ते अठरा तासांत. लंडनमधले निर्वासित जर्मन डॉक्टर एडवर्ड एल्कान यांनी १९३८ मध्ये या चाचणीची तोंड भरून शिफारस केली. मग व्यापारच सुरू झाला. स्टेलनबॉशजवळच्या योंकर्सहुक मत्स्यबीज केंद्रातून आणि केपच्या डबक्यांतून हजारोंनी प्लॅटॅना जहाजांत चढल्या. आजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत हा बेडूक जागोजाग दिसतो त्याचं मूळ या व्यापारात आहे. जॉन गर्डन यांनी प्राण्याच्या पेशीकेंद्रापासून नवा जीव वाढवला तो याच बेडकात, आणि त्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. काही बेडूक निसटलेही. चिलीच्या ओढ्यांत, फ्रान्सच्या तळ्यांत त्यांच्या वसाहती आजही आहेत. जगभर बेडकांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी यांच्याबरोबरच पसरली असाही संशय घेतला गेला होता. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने मात्र बुरशीचं मूळ पूर्व आशियात दाखवलं.

प्लॅटॅना जिथे पोहोचली नाही तिथे स्थानिक भेकाने काम भागवलं. अर्जेंटिनातल्या कार्लोस गाल्ली मायनिनी यांनी १९४७ मध्ये दाखवलं की मादीच लागते असं नाही. नर भेकाला लघवी टोचली की तीनेक तासांत त्याच्या मूत्रात शुक्रपेशी वळवळताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ही चाचणी भारतीय प्रयोगशाळांना सोयीची होती, कारण पावसाळ्यात ओसरीवर येऊन बसणारा आपला खरबरीत पाठीचा भेक तिला चालत असे. साक्षीदार आता दारातच सापडत होता.

पण माणसाच्या गर्भाचा निरोप बेडकाला कळतो कसा? उत्तर त्या रेणूच्या घडणीत आहे.

एचसीजी हे दोन साखळ्यांचं प्रथिन. अल्फा साखळीत ९२ अमिनो आम्लं, बीटात १४५. अल्फा हा जणू तयार दांडा आहे. शेतकऱ्याच्या घरी एकाच घडणीचे दांडे विळ्याला, खुरप्याला, कोयत्याला बसवलेले असतात, तसं शरीराने हाच अल्फा दांडा चार हार्मोन्सना बसवला आहे: थायरॉइडला हाकारणारा, बीजांड वाढवणारा एफएसएच, बीजांड बाहेर सोडवणारा एलएच, आणि एचसीजी. पातं म्हणजे बीटा. एलएच आणि एचसीजी यांची पाती तर इतकी सारखी की दोघंही पेशीवरच्या एकाच कुलपात बसतात. बेडकाचा आणि आपला वंश सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, पण एलएचसारख्या हार्मोनचं कुलूप दोघांकडे राहिलं. बेडकीला बाळाबिळाचं काही कळत नव्हतं. तिच्या शरीराला वाटत होतं की आपल्याच पियुषिकेने अंडी सोडायचा हुकूम दिला.

मग एलएच आणि एचसीजी यांत फरक काय? शेपटीचा. बीटाच्या शेवटी एलएचमध्ये नसलेला एक लांब तुकडा आहे, आणि त्याच्या जन्माची गोष्ट मोठी मजेची आहे. माकडांच्या आणि माणसांच्या प्राचीन पूर्वजात एलएचच्या बीटा जनुकाची एक नक्कल झाली. त्या नकलेत एक अक्षर गळलं, वाचन सरकलं आणि ‘इथे थांब’ सांगणारी खूणच वाचेनाशी झाली. पेशी थांबायच्या जागी न थांबता पुढचा निरर्थक मजकूरही प्रथिनात वाचत गेली. जॉन फिड्स आणि हॉवर्ड गुडमन यांनी १९८० मध्ये हे जनुकाच्या नकलेतून ओळखलं. आज माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर एलएचच्या बीटा जनुकाशेजारी एचसीजीची सहा जनुकं ओळीने उभी आहेत. छापखान्यातल्या चुकीने एखाद्या पोथीत पान वाढावं आणि पुढे त्या पानाशिवाय पूजाच होऊ नये, तसा हा प्रकार.

त्या वाढीव शेपटीवर शर्करेच्या चार साखळ्या लटकतात; उरलेल्या रेणूवर आणखी चार. एचसीजीच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा साखरेचा आहे. त्या साखळ्यांच्या टोकांना सायालिक आम्लाच्या टोप्या असतात आणि टोपी असेपर्यंत यकृत त्या रेणूला हात लावत नाही. एलएच रक्तातून तासाभराच्या आतबाहेर निम्मा होतो. एचसीजीला निम्मा व्हायला दीड दिवस लागतो. म्हणून तो साठत जातो, दर दोन दिवसांनी साधारण दुप्पट होतो, आणि त्यातला काही भाग मूत्रपिंडातून न मोडता बाहेर पडतो. इजिप्तपासून एडिंबरापर्यंत लघवीच्या बाटलीतून उत्तर शोधणाऱ्यांना त्या चिवट, साखरेत घोळलेल्या शेपटीने साथ दिली. बाळाचा निरोप क्षणभंगुर असता तर बाटलीत काहीच पोहोचलं नसतं.

हीच साखर शास्त्रज्ञांना मात्र नडली. रेणूचं चित्र काढायचं तर त्याचे स्फटिक करावे लागतात, आणि साखरेच्या झुलत्या दोऱ्यांमुळे रेणू शिस्तीत रचले जाईनात. अखेर हायड्रोजन फ्लोराइडसारख्या जहाल द्रव्याने साखर झाडून टाकली तेव्हा १९९४ मध्ये ग्लासगो आणि न्यूयॉर्कच्या दोन गटांना घडण दिसली. दोन्ही साखळ्यांच्या पोटात गंधकाच्या बंधांची सारखीच एक विचित्र गाठ निघाली, चेतापेशी वाढवणाऱ्या काही प्रथिनांत सापडलेल्या गाठीसारखी. बीटाचा एक पट्टा अल्फाला वळसा घालून आपल्याच अंगाला टाचलेला होता. संशोधकांनी त्याला नाव दिलं सीट बेल्ट. शेपटी चित्रात आलीच नाही. ती एका जागी स्थिर राहतच नाही.

आता हा निरोप काय सांगतो ते. बीजांड सुटून गेल्यावर बीजांडकोशात जी पोकळी उरते तिचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचं अस्तर टिकवतो, पण त्याचं आयुष्य चौदाएक दिवसांचं. तो सुकला की अस्तर गळतं, पाळी येते. रुजू पाहणारा गर्भ नेमका त्याच आठवड्यात एचसीजी सोडतो आणि पीतपिंडाला सांगतो, थांब. सात-आठ आठवडे तो थांबतो, मग प्रोजेस्टेरॉनचं काम वार स्वतःकडे घेते. त्यानंतर एचसीजीचं प्रमाण आठव्या ते अकराव्या आठवड्यात शिखर गाठून उतरणीला लागतं. म्हणजे पाळी चुकते तीसुद्धा या रेणूमुळेच. विहिरीवरच्या बायकांना, कावळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या सासूला जे कळत होतं, तेही एचसीजीचंच काम होतं. बेडकीच्या अंड्यांत आणि त्या हिशेबात साक्षीदार तेवढा वेगळा. ओकाऱ्यांचा आरोपही बरीच वर्षं एचसीजीवर होता, कारण दोघांचं शिखर एकाच सुमाराला येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मुख्य दोष वारेतून येणाऱ्या जीडीएफ१५ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाला दिला.

बेडकीची सद्दी संपली ती स्वीडनमध्ये. उप्सालातल्या लेफ विडे आणि कार्ल गेम्झेल यांनी १९६० मध्ये जिवंत प्राण्याच्या जागी एचसीजीविरुद्धची प्रतिपिंडं आणि मेंढीच्या लाल रक्तपेशी वापरल्या. नळीच्या तळाशी तांबूस कडं उमटलं तर गर्भ आहे, पसरट डाग राहिला तर नाही. दोन तासांत निकाल, आणि प्राण्यांची खोली नको. औषधकंपन्यांनी याचे संच काढले आणि प्रयोगशाळांना विकले. बाईला अजूनही डॉक्टरमार्फतच कळत होतं.

मग १९६७ साल. अमेरिकेच्या न्यू जर्सीत ऑर्गनॉन कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची २६ वर्षांची ग्राफिक डिझायनर काम करत होती. तिला सौंदर्यप्रसाधनांच्या खोक्यांची रचना करायला नेमलं होतं. प्रयोगशाळेत फिरताना तिला आरशावर टांगलेल्या नळ्यांच्या रांगा दिसल्या. काय आहे हे, तर गर्भचाचण्या. कडं आरशात दिसतं म्हणून खाली आरसा. तिच्या मनात आलं, हे बाईला घरी का करता येऊ नये? तिने टेबलावरची कागदाच्या क्लिपा ठेवायची पारदर्शक डबी उचलली आणि तीत नळी, ड्रॉपर, आरसा बसवून नमुना तयार केला. वरिष्ठांना तो पसंत पडला नाही. बायका घरी चाचणी करू लागल्या तर डॉक्टर आपल्याकडून संच घेणं बंद करतील, ही भीती. आणि लग्न न झालेली एखादी घाबरून जीव देईल, हेही कुणीतरी म्हणालं. पुढे कंपनीने बैठक बोलावली तेव्हा टेबलावर पुरुष रचनाकारांचे नमुने होते: फुलांची नक्षी, हिरेमोत्यांचा भास, गुलाबी रंग. जाहिरात संस्थेतून आलेल्या आयरा स्टर्टेव्हंट नावाच्या माणसाने त्यांच्यात ठेवलेली नेमकी क्लिपांची डबी उचलली. ती क्रेनची होती. तो पुढे तिचा आयुष्याचा जोडीदार झाला. पेटंट तिच्या नावावर निघालं, हक्क एका डॉलरला कंपनीकडे गेले, आणि तो डॉलरही तिला मिळाला नाही. ‘प्रेडिक्टर’ या नावाने ती चाचणी आधी कॅनडात विकली गेली, अमेरिकी दुकानांत घरगुती चाचण्या १९७७ च्या सुमाराला आल्या. क्रेनची मूळ डबी २०१५ मध्ये लिलावात ११,८७५ डॉलरला गेली. ती घेतली स्मिथसोनियन संग्रहालयाने.

एक अडचण उरली होती: एलएच आणि एचसीजी यांचं साम्य. जुन्या चाचण्या दोघांत गल्लत करत, म्हणून दिवस थोडे वर गेल्याशिवाय खात्री देत नसत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युडिथ वैतुकाइटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी १९७२ मध्ये फक्त बीटाला ओळखणारी चाचणी काढली. आपल्याकडच्या लॅबच्या कागदावर आजही छापलेला ‘बीटा-एचसीजी’ तिथून आला. गंमत अशी की त्यांचा हेतू बाळाचा नव्हता, कॅन्सरचा होता. वारेच्या पेशींचा कोरिओकार्सिनोमा हा कॅन्सर एचसीजी ओततो. मिन चिऊ ली या डॉक्टरने १९५० च्या दशकात गाठी दिसेनाशा झाल्यावरही, एचसीजी शून्यावर येईपर्यंत, औषध चालू ठेवलं होतं. त्याबद्दल त्याला संस्था सोडावी लागली. त्याच्या रुग्ण बऱ्या राहिल्या.

आजची पट्टी याच धड्यावर चालते. लघवी कागदातून चढताना सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडं उचलते. एचसीजी असेल तर ती त्याला धरतात, आणि पहिल्या रेघेवर चिकटवलेली दुसरी प्रतिपिंडं त्याचं दुसरं टोक पकडतात. तिथे सोन्याचे कण गर्दी करतात आणि लाल रंग दिसतो. दुसरी रेघ पट्टी धड आहे एवढंच सांगते. आशाताईंच्या पिशवीतल्या सरकारी ‘निश्चय’ संचातही हीच पट्टी असते.

भारताचं या रेणूशी नातं चाचणीपुरतं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. या उपचारात बीजांडं काढण्याच्या साधारण ३६ तास आधी जे इंजेक्शन देतात ते बहुधा एचसीजीच असतं. बेडकीला दिला जायचा तोच हुकूम, आता बाईच्या बीजांडकोशाला. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांनी उलटी वाट धरली. एचसीजीविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार झाली तर निरोपच पोहोचणार नाही, या विचाराने त्यांनी बीटाला धनुर्वाताच्या लसीतलं प्रथिन जोडलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४८ बायकांना लस दिली गेली. त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांत पुरेशी प्रतिपिंडं आली, आणि त्यांच्या १२२४ पाळीचक्रांत एकच गर्भधारणा झाली. उरलेल्या २० टक्क्यांचं काय, आणि नको तेव्हा हा परिणाम थांबवायचा कसा, असे प्रश्न देशातल्या आणि बाहेरच्या स्त्री-संघटनांनी लावून धरले. ज्या देशात आणीबाणीतल्या नसबंदीच्या आठवणी ताज्या होत्या, तिथे बाईला न विचारता टोचता येईल अशा लसीची धास्ती पोकळ नव्हती. लस बाजारात आली नाही.

टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारातल्या इंजेक्शनांसाठी एचसीजी येतं कुठून? जनुकं बदललेल्या पेशींतून ते आता करता येतं, पण १९३० च्या दशकापासून मुख्य झरा लघवीचाच. हॉलंडमधल्या ओस गावात एका खाटीकखान्याच्या मालकाने पुढाकार घेऊन १९२३ मध्ये हीच ऑर्गनॉन कंपनी काढली होती, ग्रंथींचा कचरा वाया जाऊ नये म्हणून. तिथे पुढे ‘आईकडून आईसाठी’ अशा अर्थाच्या नावाची योजना उभी राहिली. दिवस गेलेल्या बायका एचसीजी भरपूर असण्याच्या त्या काही आठवड्यांत लघवी बाटल्यांत साठवत, गाडी दारातून बाटल्या घेऊन जाई, आणि गाळून, शुद्ध करून उरलेल्या चिमूटभर पांढऱ्या भुकटीचं औषध होई.

ते औषध बेडकीपर्यंतही जातं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत झेनोपसची ताजी अंडी हवी असली की तिला आदल्या संध्याकाळी एचसीजी टोचतात, काही शे युनिट, पाठीच्या त्याच सैल कातडीखाली. बरणीवर कुणाचा आकडा नसतो, बाटलीवर कुणाचं नाव नसतं. सकाळी तळाशी अंडी पडलेली असतात. ती मोजून, बशीत घेऊन संशोधक कामाला लागतो.